कमानीखालचा आधार

माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात, दोन्ही पावलांची मिळून ५२. शरीरात एकूण हाडे २०६, म्हणजे चौथा हिस्सा हाडे नुसत्या पावलांत एकवटलेली आहेत. त्यांना जोडणारे सांधे, स्नायुबंध आणि या सगळ्यांनी मिळून तळव्याच्या आतल्या बाजूला उचलून धरलेली कमान. ओल्या पायाने फरशीवर उभे राहा. टाच आणि चवडा यांचा ठसा उमटतो, आतल्या बाजूचा मधला भाग कोरडा राहतो. तीच ही कमान. चप्पल-बूट बनवणारे शेकडो वर्षे पायाची लांबी मोजत आले, चोखंदळ असतील ते रुंदीही मोजत. कमानीखाली नेमके काय असावे, या प्रश्नाच्या मागे मात्र फार थोडे लोक लागले. त्यांतला एक तर उत्तर शोधण्यासाठी थेट शरीररचनाशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. तो डॉक्टर नव्हता. इटलीतल्या एका खेड्यातून आलेला, जेमतेम शाळा शिकलेला मोची होता तो. त्याचे नाव साल्वातोरे फेरागामो.

आज हे नाव मोठ्या शहरांतल्या महागड्या दुकानांच्या पाट्यांवर दिसते, त्यामुळे ते फॅशनच्या जगातले वाटते. मला मात्र फेरागामो हा आधी कारागीर वाटतो, आणि कारागिरी हेही एक ज्ञान आहे हे ज्यांनी सिद्ध करून दाखवले त्यांतला एक महत्त्वाचा माणूस वाटतो. त्याचे नट-नट्यांचे किस्से पुष्कळ आहेत. त्यांतले काही येतीलच. पण त्याच्या आयुष्याची खरी गोष्ट कातडे, पोलाद, बुचाची साल आणि पाऊल यांची आहे.

नेपल्सच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर बोनितो नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथे ५ जून १८९८ रोजी साल्वातोरेचा जन्म झाला. आईबापांच्या १४ मुलांतला तो अकरावा. वडील अंतोनियो शेतकरी. थोडी जमीन, खाणारी तोंडे खूप, आणि दक्षिण इटलीतल्या हजारो घरांप्रमाणे याही घरातली मोठी मुले एकामागून एक अमेरिकेला निघालेली. घरासमोरच्या बोळात लुईजी फेस्ता नावाच्या मोच्याचे दुकान होते. साल्वातोरे लहानपणापासून तिथे जाऊन बसे आणि त्याचे हात पाहत राही. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. गावाच्या नजरेत मोचीकाम हे सगळ्यांत खालचे काम होते. शेतकऱ्याच्या मुलाने ते करावे यात घराण्याची नाचक्की होती. म्हणून मुलाला शिंप्याकडे पाठवून पाहिले, न्हाव्याकडे पाठवून पाहिले, सुताराकडेही पाठवले. कुठेच त्याचे मन रमले नाही.

इथे मराठी वाचकाला थांबावेसे वाटेल, कारण कातड्याच्या कामाकडे पाहण्याची ही नजर आपल्या ओळखीची आहे. फरक मात्र विसरता कामा नये. बोनितोमधली तुच्छता धंद्याला चिकटलेली होती. माणूस धंदा सोडू शकत होता, किंवा फेरागामोसारखा बाहेरून येऊन तो धरू शकत होता. आपल्याकडे ती जन्माला चिकटवली गेली. चांभाराच्या घरात जन्मलेल्याला धंद्यातून बाहेर पडण्याची मुभा नव्हती, आणि धंद्यात कितीही नैपुण्य मिळवले तरी त्याचा मान नव्हता. फेरागामोने जे मिळवले त्यामागे त्याची बुद्धी होती, कष्ट होते, आणि वाट मोकळी असण्याचे भाग्यही होते. ते भाग्य नसल्यामुळे आपल्या गावोगावच्या किती कसबी हातांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत, याचा विचार या माणसाचे चरित्र वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

वडिलांचा विरोध मावळला तो एका रात्रीत. साल्वातोरे तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या दोन बहिणींचा चर्चमधला एक मोठा धार्मिक विधी होता. त्या दिवशी मुलींनी पांढरे कपडे आणि पांढरे बूट घालण्याची रीत. कपड्यांचे कसेबसे जमले, बुटांना पैसे नव्हते. पांढऱ्या बुटांशिवाय मुली चर्चमध्ये जाणार म्हणजे सगळ्या गावासमोर घरची गरिबी उघडी पडणार. साल्वातोरे फेस्ताच्या दुकानात गेला. पांढऱ्या कापडाचे तुकडे, पुठ्ठा, खिळे, सरस आणि लहान मापाचे कलबूत मागून आणले. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. बूट त्याच्यावर ओढून, ठोकून बसवतात. घरचे झोपल्यावर तो कामाला बसला आणि सकाळपर्यंत बुटांचे दोन जोड तयार झाले. बहिणी पांढरे बूट घालून चर्चमध्ये गेल्या. त्यानंतर वडिलांनी त्याला फेस्ताकडे काम शिकायला जाऊ दिले.

पुढची काही वर्षे भराभर गेली. अकराव्या वर्षी तो नेपल्सला उमेदवारी करायला गेला. तिथून परतल्यावर बोनितोत स्वतःचे छोटे दुकान थाटले. वय पोरसवदा, पण हाताखाली मदतनीस होते आणि गावातल्या बऱ्या घरच्या बायका त्याच्याकडून बूट करून घेऊ लागल्या होत्या. सोळा वर्षांचा असताना तो बोटीने अमेरिकेला गेला.

बॉस्टनमध्ये त्याचा एक भाऊ बुटांच्या मोठ्या कारखान्यात कामाला होता. साल्वातोरेने तो कारखाना पाहिला. एका माणसाच्या हातात पूर्ण बूट कधीच येत नव्हता. यंत्रे तुकडे कापत, यंत्रे शिवत, आणि दिवसाला हजारो जोड बाहेर पडत. वेग थक्क करणारा होता, बूट मात्र त्याला जड आणि ओबडधोबड वाटले. त्या कारखान्यात राहायला तो तयार झाला नाही. भावांना घेऊन तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा या गावी गेला. तिथे त्यांनी बूटदुरुस्तीचे आणि मापाप्रमाणे बूट करून देण्याचे दुकान काढले.

हॉलिवूडचे नाव अजून मोठे व्हायचे होते. सांता बार्बारातच एक चित्रपट कंपनी होती आणि तिथे घोडेस्वारांचे मूकपट निघत. नटांना लागणारे उंच बूट फेरागामो करू लागला. दिवसभर घोड्यावर बसणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांच्या पायांना त्याचे बूट टोचत नव्हते, ही बातमी पसरली. पुढे चित्रपटवाले हॉलिवूडला सरकले, तसा १९२३ साली तोही तिकडे गेला आणि त्याने ‘हॉलिवूड बूट शॉप’ उघडले. सेसिल बी. डीमिल याच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ या त्याच वर्षीच्या मूकपटासाठी प्राचीन काळच्या वाटतील अशा वहाणा त्याने केल्या. मेरी पिकफर्ड, ग्लोरिया स्वॉन्सन, रुडॉल्फ व्हॅलेंटिनो ही त्या काळची सगळ्यांत झगमगती नावे त्याच्या गिऱ्हाइकांत होती.

पैसा येत होता, नाव होत होते. तरी एक गोष्ट त्याला डाचत होती. त्याचे बूट पाहणाऱ्याला सुंदर दिसत, पण घालणाऱ्यांच्या तक्रारी थांबत नव्हत्या. पायाला भोवऱ्या होत, बोटे एकमेकांवर चढत, नखे आत वाढत. त्याने मापे पुन्हा तपासली, कातडे बदलले, शिवण बदलली. काही केल्या फरक पडेना. तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपल्याला बूट कळतो, पाऊल कळत नाही. मग तो लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शरीररचनाशास्त्राच्या वर्गाला जाऊ लागला. दिवसभर दुकान आणि संध्याकाळी हाडांचे सापळे. प्रश्न सगळे पावलांबद्दलचे.

तिथून तो जे शिकून आला ते थोडक्यात असे. माणूस ताठ उभा असतो तेव्हा शरीराचा भार ओळंब्यासारखा सरळ खाली येतो आणि तो कमानीच्या भागावर पडतो. त्या काळचे बूट टाच घट्ट धरत, पुढे बोटे आवळत आणि मधली कमान अधांतरी ठेवत. टाच उंच असली की प्रकरण आणखी बिघडे. पाऊल उतरणीवर ठेवल्यासारखे पुढे घसरे आणि सगळा भार बोटांवर जाऊन आदळे. भोवऱ्या, वाकडी बोटे, दुखणारे चवडे ही सगळी त्याचीच फळे. उपाय असा की कमानीला खालून भक्कम आधार द्यायचा. कमान धरली गेली की पाऊल पुढे घसरत नाही, आणि घसरले नाही की बोटांना हलायला जागा मिळते. त्याने आपले कलबूत त्या हिशेबाने बदलले आणि बुटाच्या तळात, टाच आणि चवडा यांच्या मधल्या भागात, पोलादाची पातळ पट्टी बसवायला सुरुवात केली.

आजचे तज्ज्ञ हे इतक्या सरळपणे मांडणार नाहीत. त्यांच्या मते भार शेवटी टाच आणि चवडा यांच्यावाटेच जमिनीत जातो. कमान त्या भाराची वाटणी करते, आणि चालताना दबून पुन्हा उसळी घेते. पण फेरागामोचे शास्त्र थोडे भाबडे असले तरी त्याचा कारागिरीतला निष्कर्ष पक्का होता. उंच टाचेच्या बुटात कमान लोंबकळत ठेवणे म्हणजे पुलाचा मधला आधार काढून घेणे. ही पोलादी पट्टी एकट्या त्याचा शोध होती असेही नाही. तळ ताठ राखण्याच्या युक्त्या आधीपासून चालत आल्या होत्या. त्याने तिचे वजन, वळण आणि जागा पावलाच्या अभ्यासावरून ठरवली, ही त्याची कामगिरी.

गिऱ्हाईक आले की तो आधी त्याचे पाऊल दोन्ही हातांत धरून चाचपून पाही. कुठे हाड वर आले आहे, कुठे कातडी राठ झाली आहे, कोणते बोट दबले आहे, यावरून त्या माणसाने आजवर कसले बूट घातले आणि तो कसा चालतो हे त्याला कळे. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात तर त्याने पावलांवरून बायकांचे तीन वर्ग केले आहेत: लहान पावलांच्या ‘सिंड्रेला’, मधल्या मापाच्या ‘व्हीनस’ आणि मोठ्या पावलांच्या ‘ॲरिस्टोक्रॅट’, म्हणजे खानदानी, बायका. प्रत्येकीचा स्वभावही त्याने सांगून टाकला आहे. हा भाग मला पटत नाही. पावलाच्या मापावरून स्वभाव सांगणे आणि हातावरच्या रेषांवरून भविष्य सांगणे यांत फार अंतर नाही. त्याचे दुसरे एक म्हणणे मात्र आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. नवे बूट आपण कल्पनेने रचत नाही, आपल्याला ते आठवतात, अशी त्याची श्रद्धा होती. मागच्या जन्मांतही आपण मोचीच होतो, असे या कॅथलिक शेतकऱ्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

१९२७ मध्ये, धंदा भरात असताना, त्याने अमेरिका सोडली. कारण साधे होते. मागणी इतकी वाढली होती की ती पुरी करायला हाताने काम करणारे कसबी कारागीर अमेरिकेत मिळेनात, आणि यंत्राचा बूट त्याला नको होता. इटलीत असे हात होते. त्याने फ्लॉरेन्स हे शहर निवडले. तिथे कातडे, भरतकाम, गवती विणकाम यांची शतकांची परंपरा होती. तिथे त्याने एक अनोखी रीत बसवली. कारखान्यासारखी कामाची साखळी लावली: एकाने कातडे बेतायचे, दुसऱ्याने वरचा भाग शिवायचा, तिसऱ्याने तो कलबुतावर ओढायचा, चौथ्याने तळ लावायचा. प्रत्येक कडी मात्र यंत्राऐवजी माणसाच्या हाताची. अमेरिकेचा वेग आणि इटलीचा हात यांची सांगड त्याला घालायची होती.

काही वर्षे ती जमली. मग १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. फेरागामोचा जवळजवळ सगळा माल अमेरिकेला जात होता. मागण्या आटल्या, देणी थकली आणि १९३३ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. पस्तिशीचा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर आला. या वेळी त्याने इटलीतलेच गिऱ्हाईक धरले, थोड्या माणसांनिशी पुन्हा उभा राहिला आणि लोकांची देणी फेडत गेला.

तेवढ्यात दुसरे संकट आले. १९३५ च्या ऑक्टोबरात मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने नोव्हेंबरात इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. ते पुढच्या वर्षीच्या जुलैत उठले, पण परदेशी मालावाचून भागवायचे हे मुसोलिनीचे धोरण पुढेही चालूच राहिले. कातड्याची टंचाई झाली. त्याहून मोठी अडचण पोलादाची. चांगले पोलाद लष्कराकडे वळले. बाजारात जे मिळत होते ते इतके हिणकस की त्याच्या पट्ट्या भाराखाली मोडू लागल्या. ज्या एका गोष्टीवर त्याच्या बुटांचे नाव उभे होते, तीच हातातून गेली.

त्याने मग जे केले ते मला त्याच्या सगळ्या कामात श्रेष्ठ वाटते. पट्टी कशासाठी होती? टाच आणि चवडा यांच्या मधल्या पोकळीवर कमान तोलून धरण्यासाठी. पोलाद मिळत नसेल तर ती पोकळीच कशाला ठेवायची? सार्डिनिया बेटावर बुचाच्या ओकची झाडे आहेत. त्यांची साल सोलून बाटल्यांची बुचे करतात. या सालीत हवेने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात, म्हणून ती वजनाला अगदी हलकी असते, दाबली तरी पुन्हा फुगते आणि पाणी फारसे शोषत नाही. फेरागामोने बुचाचे तुकडे घेतले, बुटाचा तळ आणि टाच यांच्या मधल्या पोकळीत ते सारले, चिकटवले, कडा कापल्या, पुन्हा तुकडे भरले, पुन्हा तासले. शेवटी चवड्यापासून टाचेपर्यंत एक सलग भरीव उतरण तयार झाली. कमानीला आता अखंड आधार होता, पोलादाचा एक कणही न वापरता. बाजूने पाहिले तर लाकूड फोडायच्या पाचरीसारखा आकार. इंग्रजीत तिला ‘वेज’ म्हणतात, आपल्या दुकानांतही तोच शब्द चालतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तो आकार बेढब वाटला. फ्लॉरेन्समधल्या एका डचेसला त्याने तो जोड घालून चर्चला जाण्याची गळ घातली, आणि एकदा घातल्यावर तिला तो सोडवेना. बुचावर चालताना पायाला बसणारा मऊपणा हीच जाहिरात ठरली. १९३७ मध्ये त्याने पेटंट घेतले, तरी पाहता पाहता जगभर त्याच्या नकला झाल्या. आज मुंबई-पुण्याच्या कुठल्याही रस्त्यावरच्या स्टॉलवर वेजच्या चपला टांगलेल्या दिसतात. त्या घेणारीला किंवा विकणाऱ्याला हे माहीत नसते की हा आकार मुळात शोभेसाठी आलेला नाही. पोलाद मिळाले नाही म्हणून आणि पायाला आधार हवाच होता म्हणून तो आला.

टंचाईच्या वर्षांत त्याचा हात आणखी मोकळा झाला. माशाचे कातडे, ताग, लाकूड, पीळ दिलेला कागद, वाळलेले गवत, मिठाईवरचा पारदर्शक सेलोफेन, जे मिळेल त्याचे बूट तो करू लागला. १९३८ मध्ये अभिनेत्री ज्युडी गार्लंडसाठी त्याने केलेली सँडल आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. वर सोनेरी कातड्याचे पट्टे आणि खाली बुचाचे एकावर एक थर, प्रत्येक थरावर वेगळ्या रंगाचे कातडे मढवलेले. त्याच वर्षी त्याने फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठचा पलात्सो स्पीनी फेरोनी हा तेराव्या शतकातला वाडा विकत घ्यायला घेतला. दिवाळे निघाल्याला पाच वर्षे झाली होती.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक नाव आपल्या घरचे आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेले लग्न १९११ मध्ये स्वतः पत्र पाठवून मोडणाऱ्या आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न करणाऱ्या त्या याच. कूचबिहारच्या महाराणी म्हणून त्या युरोपात वावरत, आणि फेरागामोकडे त्यांनी एकाच वेळी शंभर जोडांची मागणी नोंदवली होती. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी यांनी आपल्या आठवणींत ती नोंदवून ठेवली आहे. काही जोडांवर जडवायला हिरे-मोती महाराणींनी स्वतःच्या संग्रहातून पाठवले. एका जोडाच्या हिरव्या मखमली टाचेवर मोत्यांची सर नागमोडी चढत गेलेली होती, दुसऱ्या काळ्या मखमली जोडाला हिऱ्यांचे बक्कल होते. तळहातावर मेंदी काढावी तसे हे काम. तरी त्या रत्नांच्या खाली कमानीचा आधार तोच, घोडेस्वाराच्या बुटातला.

गिऱ्हाइकांच्या यादीतली काही नावे मात्र अंगावर काटा आणणारी आहेत. मुसोलिनीच्या भोवऱ्यांनी भरलेल्या पायांसाठी त्याने बूट केले. मुसोलिनीची प्रेयसी क्लारेत्ता पेताच्ची आणि हिटलरची सोबतीण एव्हा ब्राउन यांच्यासाठीही केले. आत्मचरित्रात तो या पावलांबद्दल जितक्या आपुलकीने लिहितो तितक्याच आपुलकीने चित्रपटतारकांच्या पावलांबद्दल. कारागिराला सगळी पावले सारखी, हे म्हणणे एका मर्यादेपर्यंत खरे आहे. पण ज्यांच्या पायाखाली माणसे चिरडली गेली त्यांच्या पायांना आराम मिळाला याचे समाधान वाचताना मला सहज पुढे जाता येत नाही. तिथे त्याने काही बोलायला हवे होते.

महायुद्ध चालू असताना, १९४० मध्ये, बेचाळीस वर्षांच्या साल्वातोरेने आपल्याच गावच्या डॉक्टरच्या मुलीशी, वांदा मिलेत्तीशी लग्न केले. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. त्यांना सहा मुले झाली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फ्लॉरेन्समधले, पोन्ते वेक्कियो सोडून, आर्नोवरचे सगळे पूल उडवले. त्यांत फेरागामोच्या वाड्याला लागूनचा सांता त्रिनिता हा पूलही गेला. वाडा वाचला.

युद्धानंतरची त्याची सगळ्यांत गाजलेली वस्तू म्हणजे १९४७ ची ‘अदृश्य’ सँडल. आर्नोच्या काठी मासे धरणारे लोक नायलॉनचा नवा दोरा वापरू लागले होते. पाण्यात तो माशाला दिसत नाही. फेरागामोने तोच दोरा पट्ट्यांच्या जागी पावलावरून आडवा-उभा नेला. दुरून पाहिले तर पाऊल अनवाणी. या सँडलने त्याला अमेरिकेतला प्रतिष्ठेचा निमन मार्कस पुरस्कार मिळवून दिला. त्याच वर्षी तो पॅरिसच्या ख्रिस्तियान दिओरलाही मिळाला. बायकांनी मात्र ही सँडल फारशी विकत घेतली नाही. इतके पाऊल उघडे टाकायची तयारी नव्हती.

१९५० च्या सुमारास त्याच्याकडे सातशे कारागीर होते आणि ते रोज ३५० जोड हाताने तयार करत. हिशेब केला तर दोन कारागिरांच्या दिवसभराच्या कामातून एक जोड. फ्लॉरेन्समध्ये १९२७ साली लावलेली साखळी अखेर चालली, ती अशी. मॅरिलिन मन्रोला ११ सेंटिमीटर टाचेचे बूट लागत आणि ती ते त्याच्याकडूनच घेई. ऑड्री हेपबर्नसाठी त्याने जवळजवळ सपाट, नर्तिकेच्या चपलेसारखे बूट केले. एकीला टाच हवी, दुसरीला नको, आणि दोघींची कमान वेगळी. प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाचे लाकडी कलबूत नाव घालून जपून ठेवलेले असे. पाऊल पुन्हा मोजायला तो माणूस समोर असण्याची गरज नसे.

१९५७ मध्ये त्याचे आत्मचरित्र लंडनमध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. ७ ऑगस्ट १९६० रोजी, ६२ व्या वर्षी तो वारला. वांदाने तोपर्यंत धंद्यात कधी लक्ष घातले नव्हते. पदरात सहा मुले होती आणि धाकटा अगदीच लहान. थोरली फियाम्मा वडिलांच्या हाताखाली काम शिकत होती. वांदाने धंदा विकला नाही, चालवला, आणि बुटांच्या पलीकडे पिशव्या, कपडे, अत्तरे असा वाढवला. २०१८ मध्ये ९६ व्या वर्षी ती गेली. वाढीचा तो सगळा इतिहास व्यापाराच्या पुस्तकात शोभेल, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

फेरागामोच्या नावावर ३५० हून अधिक पेटंट आहेत. मोच्याचे डोके हाताइतकेच चालते याचा एवढा लेखी पुरावा मागे ठेवणारे लोक थोडे. फ्लॉरेन्सच्या त्या वाड्यात १९९५ पासून त्याच्या कामाचे संग्रहालय आहे आणि नावे घातलेले ते कलबूत तिथे ठेवलेले आहेत. लांब बोटांचे, रुंद चवड्याचे, एका बाजूला झुकलेले. चित्रपटात निर्दोष दिसलेल्या माणसांची पावलेही आपल्यासारखीच वेडीवाकडी होती, हे तिथे दिसते.

वाचकाने यातून एक गोष्ट जरूर करावी. पुढच्या वेळी बूट घ्याल तेव्हा संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाऊल थोडे फुगते. दोन्ही पायांत घाला आणि बसून नव्हे, उभे राहून पाहा, कारण भार पडल्यावर पाऊल पसरते. दोन्ही पाय क्वचितच एका मापाचे असतात, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरा. बोटे हलतात का पाहा. मग बूट काढून दोन्ही हातांनी वाकवून बघा. तो चवड्यापाशी, जिथे पाऊल वाकते तिथे, वाकला पाहिजे. मधोमध, कमानीखाली, मोडल्यासारखा वाकत असेल, तर कितीही नामांकित कंपनीचा असला तरी तो दुकानातच ठेवून या.